जगनदादाची आवतणाची वही

आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी जगनदादा मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडले. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. परवा आमच्या मनस्वीची हळद, घरभर पाहुण्यांच्या गाद्या पसरलेल्या, आणि मी ओट्याशी स्टूल ओढून बसले आहे, एका माणसाने ग्रुप सोडला त्याचा विचार करत.

पहिल्यांदा वाटलं, पडले असतील. अडुसष्ट वर्षांचा माणूस, जुनी स्कूटर, रस्त्याला सगळे कंटेनर. मग वाटलं, बीपी वाढलं असेल. मग वाटलं, फोन चोरीला गेला असेल आणि आमच्या ग्रुपवरचे रोजचे दोनशे सुप्रभात बघून चोर स्वतःच बाहेर पडला असेल.

"आई," मनस्वी म्हणाली, "माणूस आजारी पडला की ग्रुप सोडत नाही. ग्रुप सोडायला तब्येत ठणठणीत लागते."

ती कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, तिला असं सगळं माहीत असतं. मंडळाच्या पानावर तिला 'आपली माणसं' असं काहीतरी सुरू करायचं आहे आणि जगनकाकांवर चार ओळी लिहून दे म्हणून आठवडाभर माझ्या मागे लागली होती. त्या आता लिहायला घेतल्या आहेत. झोप नाहीच येत, तर निदान हात कामात राहील.

तर जगनदादा.

आमचं गाव आता नाही. म्हणजे माणसं आहेत, देव आहे, मंडळ आहे. फक्त गाव होतं तिथे आता विमानं उतरतात. घरं गेली तेव्हा काही लोक करंजाड्याला आले, काही वडघरला, बाकीचे उलव्याला. आळीत ज्यांच्या भिंतीला भिंत होती त्यांच्यामध्ये आता अख्खा विमानतळ आहे. अशा गावाला धरून ठेवणारा माणूस म्हणजे मंडळाचे अध्यक्ष कृष्णकांतभाऊ, असं कृष्णकांतभाऊंना वाटतं. बाकी सगळ्यांना माहीत आहे की तो माणूस म्हणजे जगनदादा.

ते आवतण करतात. आवतण म्हणजे जेवायचं बोलावणं. आमच्याकडे लग्नाची पत्रिका महिनाभर आधी घरोघर जाते, पण ती कागदाची. खरं बोलावणं दोन-तीन दिवस आधी, तोंडी, उंबऱ्याशी उभं राहून, घरातल्या कर्त्या माणसाचं नाव घेऊन. ते झालं नाही तर माणूस पत्रिका उशाशी घेऊन घरी बसून राहील, पण येणार नाही. त्यातही प्रकार आहेत. घरटी एक, जोडीने, किंवा चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटायची नाही, तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांनी आमच्याकडे जेवायचं. हे काम जगनदादा चाळीस वर्षं करत आहेत. मी पनवेल शहरातली, बी.कॉम. होऊन या गावात लग्न करून आले, तेव्हा आमच्या ह्यांच्या हळदीचं आवतणही त्यांनीच फिरवलं होतं.

त्यांच्याकडे निळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे. तीनशे बारा घरं, आळीच्या क्रमाने लिहिलेली. गाव उठलं, क्रम उठला नाही. कृष्णकांतभाऊंचं घर पहिलं, ते आता करंजाड्यात. त्यांच्या शेजारचा तुळशीराम, तो उलव्यात. त्याच्या पलीकडचा महादेव, तो पुन्हा करंजाड्यात, कृष्णकांतभाऊंच्याच बिल्डिंगमध्ये, दोन मजले खाली. जगनदादा स्कूटरवरून करंजाड्याला जाणार, मग उलव्याला, मग परत करंजाड्याला.

मी एकदा म्हटलं, "दादा, करंजाड्याची घरं एकदम उरकून घ्या ना, मग उलव्याला जा."

"तसा कसा चालल वयनी? कृष्णकांतच्या मागून तुळशीराम. मदी दुसरा घुसवला तं तुळशीराम इचारल, माजा नंबर खाली कसा गेला?"

"पण तुम्ही तर तुळशीरामशी बोलत नाही."

"बोलत नाय. आवतान देतो."

ते नऊ वर्षं बोलत नाहीत. भांडण एका बांधावरून झालं होतं. तो बांध आता धावपट्टीखाली आहे, भांडण अजून जमिनीवरच आहे. तरी प्रत्येक कार्याला जगनदादा उलव्याला जाऊन तुळशीरामच्या दाराशी उभे राहतात आणि भिंतीकडे बघून म्हणतात, "तुलशीराम. हलद हाय. येवाचा तं ये." तुळशीराम आतून खोकतो. त्याचा अर्थ येतो.

नव्या बिल्डिंगांच्या गेटवर रखवालदार असतात. एकाने त्यांना थांबवलं, "डिलिव्हरी?" दादा म्हणाले, "हा, डिलिव्हरीच." "पार्सल किधर है?" दादांनी स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवलं. तेव्हापासून त्या गेटच्या नोंदीत त्यांच्या नावापुढे 'जेवण' असं लिहिलेलं असतं.

मंडळाने डिजिटल व्हायचं ठरवलं ते याच फेऱ्यांमुळे, आणि ठरवायला लावलं मी. पावसात हा माणूस उलवे-करंजाडे करतो, एखाद दिवशी काही झालं तर, हे मी महिला समितीच्या प्रत्येक बैठकीत बोलायचे. शेवटी कंटाळून कृष्णकांतभाऊंनी ग्रुप काढला. पहिला कार्यक्रम डोळे तपासणीचा. मनस्वीने फुलांच्या चौकटीत सुंदर निमंत्रण केलं, ग्रुपवर टाकलं. दीडशे लोकांनी अंगठे दिले, साठेक लोकांनी हात जोडले, एकाने चुकून भावपूर्ण श्रद्धांजली लिहिलं. शिबिराला आले नऊ जण. त्यातले सात आम्ही समितीचे, आठवे कृष्णकांतभाऊ, नववा पंखा दुरुस्त करायला आलेला. डॉक्टरांनी त्याचे डोळे दोनदा तपासले.

दुसऱ्या दिवशी मी महादेवभावोजींना विचारलं, "का आला नाहीत? तुम्हीच अंगठा दिलात की."

"अंगठा दिला. चांगला कार्यक्रम हाय म्हनून दिला. पन आमाला बोलावला कोनी?"

"ग्रुपवर होतं ना."

"ते सगल्यांना होता," महादेवभावोजी म्हणाले. "आमाला कुठं होता?"

मनस्वीने हे ऐकून ग्रुपवरचे अंगठे पुन्हा मोजले. मग म्हणाली, "आई, चूक आपली आहे. आपण गावाला बोलावलं. माणसांना बोलावलंच नाही." आणि ती जगनदादांना घेऊन बाजारात जमालचाचांच्या मोबाइलच्या दुकानात गेली.

जमालचाचा आमच्याकडचे जुने. त्यांनी दादांना स्मार्टफोन हातात दिला आणि म्हणाले, "जगनभाऊ, हा माईक दाबून धरा, बोला, सोडा. बस्स. अल्लाचं नाव घेऊन सोडा."

"आनि समोरचा ऐकतोय का नाय, कसा कललं?"

"दोन निळ्या खुणा येतील."

"म्हंजे त्याने मान डोलावली?"

"तसंच समजा."

पुढच्या शिबिराचं आवतण दादांनी फोनवरून केलं. एकच निरोप सगळ्यांना पाठवा म्हणून मनस्वीने हात जोडले, पण ते ऐकेनात. तीनशे बारा घरांना तीनशे बारा वेगळे निरोप, प्रत्येकाचं नाव घेऊन, वहीच्या क्रमाने, डोक्यावर टोपी घालून, स्वतःच्या उंबऱ्यावर उभं राहून. दोन दिवस लागले. त्यांची बायको शकूवहिनी मला फोनवर म्हणाली, "वयनी, याला बसवा कुठंतरी. दारात उभा राहून एकटाच बोलतंय, लोकांना वाटतंय मी घरात घेत नाय."

आणि चाळीस वर्षांची जिभेची सवय. प्रत्येक निरोपाच्या शेवटी दादा म्हणाले होते, "चूल बंद."

शिबिराच्या दिवशी अख्खं गाव आलं. तान्ही पोरं, काठी टेकणारे आजोबा, माहेरी आलेल्या लेकी. कोणीही डोळे तपासायच्या रांगेत नव्हतं. सगळे मांडवात पंगतीसारखे बसले होते. डॉक्टर मला म्हणाले, "मॅडम, प्रतिसाद अफाट आहे, पण हे लोक मला विचारताहेत मटण आहे की शाकाहारी." कृष्णकांतभाऊंनी तीन गाड्यांवरचे वडापाव उचलून आणले. मग मी माईकवरून जाहीर केलं की ज्याचे डोळे तपासून होतील त्यालाच वडापाव मिळेल. त्या दिवशी एकोणीस जणांना मोतीबिंदू असल्याचं कळलं. त्यातले बरेच आज पेपर वाचतात आणि आवतण जगनदादांच्याच आवाजात हवं म्हणतात.

इथपर्यंत सगळं छान होतं. मग मला पुन्हा काळजी लागली, की उभं राहून त्यांचे पाय सुजतात. खरंच सुजायचे. तेव्हा मनस्वीने मंडळासाठी एक सिस्टीम केली. दादांना दोन दुपारी घरी बसवून त्यांच्याकडून तीनशे बारा नावं एकेकदा बोलून घेतली. नंतर आवतणाची वाक्यं एकदाच, सगळ्यांसाठी. "येवाचा हाय बरा का. तुज्याबिगर शोभा नाय." कॉम्प्युटर नाव आणि वाक्य जोडतो आणि मंडळाच्या नंबरावरून घराघरात पाठवतो. दादांच्याच आवाजात, दादांच्याच वहीवरून. दादा कौतुकाने ऐकत बसले होते. "आता माजा काम काय?" त्यांनी विचारलं. मनस्वी म्हणाली, "काका, तुम्ही आराम करायचा." ते हसले. मीही हसले. मला तर फारच बरं वाटलं होतं.

परवाच्या हळदीचं आवतण मनस्वीने काल सकाळी चहा पिता पिता पाठवलं. एक बटण. नवरी स्वतःच्या हळदीचं आवतण स्वतः फिरवते आहे, म्हणून तिच्या आत्या हसत होत्या. माझ्याही फोनवर जगनदादांचा आवाज आला. मला वाटलं, दादांना माहीतच असणार, त्यांचाच आवाज आहे की.

आज संध्याकाळी सात वाजता जमालचाचांचा फोन आला.

"भाभी, माझ्या दुकानात आज अजीब किस्सा झाला. तुम्हाला सांगू की नको असं तीन तास चाललंय माझं."

"सांगा ना चाचा, काय झालं? दादा पडले का?"

"नाही हो, बसले होते. फोनच्या काचेला नवीन कागद लावून घेत होते. तेवढ्यात तुळशीराम आला."

मी स्टूल ओढून बसले. नऊ वर्षांत ते दोघे एका दुकानात कधी शिरले नव्हते.

"तुळशीराम थेट त्यांच्यासमोर उभा राहिला, डोळ्यांत पाणी. म्हणाला, 'जगन, मी येतंय रं हलदीला. नऊ वर्सांनी गोड बोललास, बास झाला.' जगनभाऊ म्हणाले, 'मी कवा बोलावला?' तुळशीराम म्हणाला, 'मस्करी करतंस काय?' आणि त्याने फोन काढून ऐकवला. भाभी, सगळं दुकान ऐकत होतं. 'तुलशीराम. येवाचा हाय बरा का. तुज्याबिगर शोभा नाय.' जगनभाऊंचा चेहरा असा झाला, जसं कोणी त्यांचीच टोपी घालून समोरून चाललंय."

"मग?"

"मग काही नाही. तुळशीरामने मिठी मारली, यांनी मारून घेतली. तो गेल्यावर मला विचारलं, 'जमाल, माजे फोनवर काय आलाय का बघ.' मी बघितलं. नव्हतं काही. मग म्हणाले, 'यातून भायेर कसा पडतात, तेवढा दाखव.' मीच दाखवलं भाभी, मुआफ करा."

मी मनस्वीला लॅपटॉपसकट उठवलं. तिने यादी उघडली. पाठवलेले निरोप तीनशे बारा. पोचलेले तीनशे बारा. पहिलं नाव कृष्णकांत. जगनदादांचं नाव नाही.

"तू त्यांना वगळलंस?"

"मी कोणालाच वगळलं नाही. वहीत आहे तेवढंच घेतलंय." तिने वहीचा फोटो मोठा करून दाखवला. "आई, वहीतच नाही त्यांचं घर."

आणि कसं असेल? आळीतलं पहिलं घर त्यांचंच होतं. ते स्वतःच्या उंबऱ्यावरून निघायचे आणि पहिलं दार लागायचं ते कृष्णकांतचं. स्वतःला आवतण देऊन कोण निघतो?

मग त्यांना आवतण कोण द्यायचं, हे मी स्टुलावर बसून किती वेळ आठवत होते. आणि आठवलं. माझ्या सासूबाई. कार्य ठरलं की त्या नारळ आणि विडा घेऊन जगनदादांच्या दारी जायच्या. घरच्या बाईने जायचं, नारळ हातात द्यायचा, त्यांचं नाव घेऊन म्हणायचं, आणि मगच वही उघडायची. तेच त्यांचं आवतण. गावातलं सगळ्यात पहिलं. मला वाटायचं ती त्यांच्या कामाची सुपारी असते. सासूबाईंनी मला हे कधी शिकवलं नाही, कारण त्या असताना मला जावं लागलं नाही, आणि त्या गेल्यावर आमच्या घरातलं हे पहिलंच कार्य.

आता एकेक गोष्ट डोळ्यांपुढे येते आहे. पंधरा दिवसांपूर्वी दादा आले होते. "काय वयनी, काय काम हाय का?" मी म्हटलं, "नाही हो दादा, सगळं झालं, तुम्ही चहा घ्या." चार दिवसांनी पुन्हा आले. बसून राहिले. कोपऱ्यात नारळांचं पोतं होतं, त्याकडे बघून म्हणाले, "नारल बरे आनलेत." मी म्हटलं, "हो ना, अलिबागवरून मागवले. तुम्हाला हवेत का घरी न्यायला?" ते म्हणाले, "तसा नको." मला वाटलं, संकोच करताहेत. मी दोन पिशवीत घालून दिले. ते त्यांनी जिन्यात ठेवून दिले, वॉचमन वर घेऊन आला.

मघाशी शकूवहिनींना फोन केला. "बरा हाय तो," त्या म्हणाल्या. "जेवला. बोलत नाय. गेल्या हप्त्यात गाडीला नवीन टायर टाकून आनला, इचारला कशाला, तं बोलला मनस्वीचा कार्य हाय. तुमची पत्रिका देव्हाऱ्यात ठेवलीय बगा." मी म्हटलं, "वहिनी, परवा दोघं याल ना?" त्या म्हणाल्या, "मी काय सांगू? बोलावल्याबिगर तो त्याच्या सासरी पन नाय गेला कवा." आणि हसल्या. मला हसता आलं नाही.

आमचे हे म्हणाले, सकाळी मी नारळ देऊन येतो. हे जातील, नारळ टेबलावर ठेवतील, क्रिकेटवर बोलतील आणि परत येतील. ते चालणार नाही. जायला मीच हवी. आणि मला जाता येत नाही, कारण मांडव घातल्यावर नवरीच्या आईने गावाची वेस ओलांडायची नसते, असं सासूबाई म्हणायच्या. गाव नाही तर वेस कुठून आणायची, म्हणून मी सोसायटीचं गेट धरलं आहे आणि दोन दिवस त्याच्या आतच आहे. त्या असत्या तर मी हा नियम हसून मोडला असता. आता नाहीत, तर मोडायची भीती वाटते. त्यांचं हे एक माझ्या बरोबर लक्षात राहिलं. नारळाचं नाही.

मनस्वीला मी रागावले नाही. ती यादीत तीनशे तेरावं नाव घालायला निघाली होती. मी म्हटलं, थांब. त्यांना त्यांच्याच आवाजात आवतण पाठवणार आहेस का? ती हात मागे घेऊन बसली. मग म्हणाली, "आई, पुढच्या वेळेपासून आधी काकांनी हो म्हटल्याशिवाय बटणच दाबता येणार नाही, असं करते. घरचं माणूस त्यांच्याकडे गेलं, त्यांनी वही उघडली, मगच." मी म्हटलं, कर. पण ती पुढची वेळ झाली. ही वेळ माझी आहे.

मंडळाच्या पानासाठी चार ओळी लिहायच्या होत्या, आणि बघा किती झालं. दीड वाजला आहे. दादांना सकाळी फोन करावा म्हणून फोन बाजूला ठेवताना सहज त्यांचं नाव उघडलं. खाली लिहिलेलं आहे, ऑनलाइन. या वेळेला. त्यांनाही झोप नाही. की शकूवहिनी त्यांच्या फोनवर रेसिपी बघत असतील? की फोन उशाखाली दाबला जाऊन आपोआप सुरू झाला असेल? की आता खरंच बीपी?

नको. विचार पुरे.

पोत्यातला एक चांगला नारळ काढून पुसला आहे. शेंडी ठीक केली. पाहुण्यांच्या पानाच्या डब्यातून विडा केला. वाक्य मनात तीनदा म्हणून बघितलं, त्यांच्या बोलीत. जगनदादा, परवा सांजचे मनस्वीची हलद हाय. शकूवयनीला घेऊन येवाचा. चूल बंद. माझं बोलणं ऐकून ते हसतील बहुतेक. हसू देत. नाव मात्र आधी घ्यायचं आणि बसून नाही, उभं राहून बोलायचं.

साधा फोन नको. व्हिडिओ कॉलच करते. नारळ दिसला पाहिजे.